ट्यूब बेंडर

ट्यूब बेंडर हे लहान व्यासाची धातूची नळी तिचा गोल छेद न बिघडवता हव्या त्या कोनात वाकवण्याचे हातहत्यार आहे. वातानुकूलन यंत्रे, शीतकपाटे, शीतगृहे, वाहनांच्या इंधन व ब्रेकच्या नळ्या आणि कारखान्यांतील दाबमापकांना जोडलेल्या नळ्या यांच्या कामात त्याचा उपयोग होतो. तांबे, ॲल्युमिनियम, पितळ, मऊ पोलाद व स्टेनलेस स्टील या धातूंच्या नळ्या या हत्याराने वाकवता येतात.

नळीला वळण देण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तयार एल्बो बसवणे. मात्र प्रत्येक एल्बोमुळे ब्रेझिंगचे दोन सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा ही वायुगळतीची संभाव्य जागा असते. सलग नळी नीट वाकवल्यास त्या ठिकाणी एकही सांधा राहत नाही. म्हणून शीतकरणाच्या कामात स्वच्छ वळण देता येणे हे मूलभूत कौशल्य मानले जाते.

तत्त्व

नळी वाकवताना वळणाच्या बाहेरील बाजूची भिंत ताणली जाते व पातळ होते, तर आतील बाजूची भिंत दाबली जाऊन जाड होते. दोहोंच्या मध्ये असलेल्या मध्यरेषेची लांबी जवळजवळ कायम राहते. बाहेरील भिंतीचा ताण नळीच्या व्यासावर व वळणत्रिज्येवर अवलंबून असतो. व्यासाला त्रिज्येच्या दुपटीने भागले असता तो ढोबळमानाने मिळतो. उदाहरणार्थ, ९.५ मिमी व्यासाची नळी २४ मिमी त्रिज्येत वाकवल्यास बाहेरची बाजू सुमारे २० टक्के ताणली जाते. मऊ तांबे तुटण्यापूर्वी साधारण ४० टक्क्यांपर्यंत ताणले जाऊ शकते, त्यामुळे हे वळण सुरक्षित ठरते. २२ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.७ मिमी जाडीच्या नळीची भिंत या वळणावर सैद्धान्तिक हिशेबाने ०.६ मिमीच्या आसपास उरते.

नळी आतून पोकळ असल्याने ताण व दाब या दोन्ही बलांचा परिणाम तिची बाहेरची व आतली भिंत एकमेकींजवळ आणण्याकडे होतो. भिंतींना आधार नसेल, तर नळी चपटी होते आणि आणखी जोर दिल्यास मुडपते. गुडघ्यावर किंवा हाताच्या अंगठ्याने नळी वाकवताना असे घडते. ट्यूब बेंडरमधील अर्धगोल खाच नळीला दोन्ही बाजूंनी पकडून ठेवते व तिला चपटी होऊ देत नाही. वळणाचा कोन हातांच्या जोराने मिळतो, परंतु नळीचा गोलपणा या खाचेमुळे टिकतो.

प्रकार

स्प्रिंग बेंडर: ही पोलादी तारेची घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग असते. बाहेरून चढवण्याची स्प्रिंग नळीच्या मधल्या भागासाठी आणि आत घालण्याची स्प्रिंग टोकाजवळच्या वळणासाठी वापरतात. हे साधन स्वस्त व हलके असते. मात्र त्यात कोन व त्रिज्या कारागिराच्या नजरेवर अवलंबून राहतात आणि वळण मोठ्या त्रिज्येचे ठेवावे लागते. फ्लेअर केलेल्या टोकावरून बाहेरची स्प्रिंग निघत नाही. त्यामुळे नळी आधी वाकवून नंतर फ्लेअर करावी लागते.

लिव्हर बेंडर: यात अंशांच्या खुणा असलेले खाचेदार अर्धचक्र, नळी अडकवण्याचा आकडा, एक स्थिर दांडा आणि पुढे सरकणारा ठोकळा किंवा रोलर असलेला एक फिरता दांडा असतो. प्रत्येक व्यासासाठी वेगळे हत्यार किंवा वेगळी खाच लागते. अचूक कोन व लहान त्रिज्या या हत्याराने मिळतात.

रॅचेट बेंडर: यात घोडा दाबत गेल्यास नळी टप्प्याटप्प्याने वाकते. बसवलेल्या नळीपाशी दोन लांब दांडे फिरवण्यास जागा नसते, अशा ठिकाणी ते उपयोगी पडते.

या हत्यारांच्या आधीपासून चालत आलेली पद्धत म्हणजे नळीत वाळू ठासून दोन्ही तोंडे बंद करणे व मग ती वाकवणे. वाळू आतून आधार देते. वाळू पूर्ण कोरडी असावी लागते, कारण ओल्या वाळूची नळी तापवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन बूच उडू शकते. शीतकरणाच्या नळ्यांसाठी ही पद्धत वापरत नाहीत. आत राहिलेला वाळूचा एक कणही कॉम्प्रेसरला किंवा कॅपिलरीला घातक असतो.

मापे व आखणी

बाजारात तांब्याच्या नळीचे माप बाहेरील व्यासावरून सांगतात. कारागीर ते सुतांत मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग होय. त्यानुसार दोन सुती नळी ६.३५ मिमी, तीन सुती ९.५ मिमी, चार सुती १२.७ मिमी व पाच सुती १५.९ मिमी व्यासाची असते. प्रचलित लिव्हर बेंडरवर मध्यरेषेची त्रिज्या दोन सुती नळीसाठी सुमारे १४ ते १६ मिमी, तीन सुतीसाठी सुमारे २४ मिमी आणि चार सुतीसाठी सुमारे ३८ मिमी मिळते.

वळलेली नळी कोपऱ्यातून सरळ न जाता गोलाईने जाते. त्यामुळे ती दोन बाजूंच्या मापांच्या बेरजेपेक्षा कमी लागते. ९० अंशांच्या वळणासाठी कमानीची लांबी त्रिज्येच्या १.५७ पट असते, तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत निघणारा मार्ग त्रिज्येच्या २ पट असतो. म्हणून प्रत्येक काटकोनी वळणामागे त्रिज्येच्या ०.४३ पट नळी वाचते. एक बाजू ३०० मिमी व दुसरी ४५० मिमी असलेल्या तीन सुती नळीत ही बचत सुमारे १० मिमी होते. त्यामुळे ७५० ऐवजी ७४० मिमी नळी पुरते. मापे नळीच्या मध्यरेषेपासून धरलेली असावी लागतात.

भिंतीवरील खांब किंवा तुळई चुकवण्यासाठी नळीला एकाच पातळीत दोन उलट वळणे द्यावी लागतात. ४५ अंशांची वळणे असल्यास दोन खुणांमधील अंतर हव्या असलेल्या उंचीच्या १.४१ पट, तर ३० अंशांची असल्यास २ पट ठेवतात. ६० मिमीचा अडथळा ओलांडण्यासाठी हे अंतर अनुक्रमे सुमारे ८५ मिमी व १२० मिमी येते.

कृती

१. नळी ट्यूब कटरने कापावी, तोंडाची आतील धार काढावी आणि धार काढताना तोंड खाली धरावे, म्हणजे कीस आत पडत नाही. गुंडाळीतील नळी सपाट फळीवर उलगडून सरळ करावी.

२. वळणाची जागा बारीक पेनाने आखावी. सुईने किंवा करवतीने चरा पाडू नये, कारण ताण पडल्यावर नळी त्याच चऱ्यावर चिरते.

३. नळी खाचेत बसवून आकडा लावावा. ज्या टोकापासून माप घेतले ते टोक आकड्याच्या बाजूला असल्यास काटकोनासाठी खूण फिरत्या दांड्यावरील ‘एल’ रेषेशी जुळवावी, ते विरुद्ध बाजूला असल्यास ‘आर’ रेषेशी जुळवावी. चाकावरील शून्य व दांड्यावरील शून्य समोरासमोर असल्याची खात्री करावी.

४. फिरता दांडा एकाच संथ गतीने ओढावा. झटके दिल्यास आतील बाजूस सुरकुत्या पडतात.

५. हव्या असलेल्या कोनाच्या किंचित पुढे जावे. दांडा सोडताच धातू थोडा मागे येतो. मऊ तांब्यात हा फरक साधारण १ ते ३ अंश असतो, स्टेनलेस स्टीलमध्ये तो जास्त असतो.

६. दांडा मागे घेऊन आकडा सोडवावा व नळी बाजूने अलगद काढावी. स्प्रिंग वापरली असल्यास वळण किंचित उलगडून स्प्रिंग पिळत काढावी.

एकदा दिलेले वळण सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवणे योग्य नसते. वाकवल्यावर तांबे कडक होते व दुसऱ्या वेळी चिरण्याची शक्यता वाढते. कडक झालेले किंवा मुळातच कडक प्रतीचे तांबे मंद लाल होईपर्यंत तापवल्यास पुन्हा मऊ होते. पोलादाप्रमाणे ते पाण्यात बुडवल्याने कठीण होत नाही. तथापि, तापवताना नळीच्या आत काळी पापडी धरते. ती टाळण्यासाठी शीतकरणाच्या कामात नळीतून नायट्रोजन वायू मंद गतीने सोडतात.

दोष व त्यांचे परिणाम

चपटेपणा: वळणावरील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान व्यासांतील फरक मूळ व्यासाशी टक्क्यांत मांडून चपटेपणा मोजतात. तीन सुती नळीवर हे व्यास ९.८ व ९.० मिमी आढळल्यास चपटेपणा सुमारे ८ टक्के होतो. लहान व्यास मूळच्या निम्म्यावर आल्यास वाहण्याच्या मार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी घटते.

मुडपणे: नळी लहान व्यासाच्या खाचेत न बसल्यास, मोठ्या खाचेत सैल राहिल्यास किंवा आधाराविना वाकवल्यास मुडपते. द्रवाच्या नळीतील मुडप नको त्या जागी बसलेल्या कॅपिलरीसारखी वागते. तेथे दाब अचानक पडून द्रवाची अकाली वाफ होऊ लागते. थंडावा कमी होतो, पण कॉम्प्रेसर चालूच राहतो व तापतो.

सुरकुत्या व चिरा: कॉम्प्रेसरच्या कंपनांमुळे सुरकुतीच्या टोकावर ताण पुन्हा पुन्हा एकवटतो. बसवताना न गळणारी नळी काही महिन्यांनी गळू लागण्याचे हे एक कारण आहे. असा भाग ठोकून गोल करण्याऐवजी कापून नवी नळी घालतात.

मराठवाड्यातील संदर्भ

नांदेड व लातूर जिल्ह्यांत मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग उष्णता हवेत सोडतो. त्यामुळे त्यातील वायूचे संघनन बाहेरच्या हवेपेक्षा अधिक तापमानाला होते. घरगुती यंत्रांत सध्या प्रचलित असलेल्या आर-३२ या शीतकाचा निरपेक्ष दाब ५० अंशांना सुमारे ३१ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३१ पट असतो. जुन्या आर-२२ शीतकासाठी त्याच तापमानाला तो सुमारे १९ बार असतो. थंड ऋतूत तग धरणारे सदोष वळण या भागातील उन्हाळ्यात उघडे पडते, आणि नेमकी त्याच वेळी यंत्राची गरज सर्वाधिक असते.

हे कौशल्य केवळ घरगुती यंत्रांपुरते नाही. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. केळी पिकवण्याच्या बंदिस्त खोल्यांत तापमान काटेकोर राखावे लागते. तेथील शीतक गळाल्यास पूर्ण खोलीतील माल एकदम पिकून जाण्याचा धोका असतो. दूध थंड करणाऱ्या टाक्यांनाही हेच लागू पडते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. नळी कापणे, वाकवणे, स्वेजिंग, फ्लेअरिंग व ब्रेझिंग ही त्यातील प्रारंभीची प्रात्यक्षिके होत.

सुरक्षितता

वायू भरलेली नळी वाकवू किंवा तापवू नये. आधी वायू काढून घ्यावा. आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने कामाच्या जागी हवा खेळती ठेवावी व जवळ ज्योत नसावी. वळणे पूर्ण झाल्यावर गळती तपासण्यासाठी कोरडा नायट्रोजन दाबनियामकातून भरावा व सर्व वळणांवर आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन व कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो.

हत्याराची खाच कोरडी व स्वच्छ ठेवावी. खाचेत अडकलेला पोलादाचा कीस पुढच्या प्रत्येक तांब्याच्या नळीवर ओरखडा उमटवतो.