पाणचक्की, पवनचक्की आणि घरातलं जातं

मागच्या वेळी आपल्या अंधेरीतल्याच एका श्रोत्यांनी विचारलं होतं, जुन्या पवनचक्कीत दळण कसं होत असे? हॉलंडला जाण्याआधी आपण औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊ. तिथे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. तिचं साल १७४४ सांगितलं जातं.

वारा असो वा पाणी, चक्कीपुढचा प्रश्न एकच : बाहेरची गती दगडापर्यंत न्यायची कशी? हॉलंडच्या पवनचक्कीचा आस आडवा असतो. पण दगड तर आपल्या जात्यासारखा, उभ्या आसाभोवती फिरायचा! म्हणून मध्ये दातेरी चाकं घालून गती काटकोनात वळवावी लागते. वाऱ्याची दिशा बदलली की पातीही वळवावी लागतात. इराणमधल्या नश्तिफानच्या पवनचक्क्यांत मात्र आसच उभा आहे आणि वरची तळी थेट त्यालाच जोडलेली. दातेरी चाकांचं कामच उरत नाही.

आपली पाणचक्की याच घराण्यातली. डोंगराकडचं पाणी काही किलोमीटर मातीच्या नळांतून येतं. उगम उंचावर, म्हणून स्वतःच्याच दाबानं ते उंच भिंतीत चढतं आणि तिथून खाली कोसळतं. त्याच्या जोरावर दगडाखालचं आडवं चाक फिरतं. चाकाचा उभा दांडा खालच्या तळीच्या भोकातून वरच्या तळीला भिडतो. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. जात्याचा खुंटा धरणारा हात तेवढा गेला, त्या जागी पाणी आलं.

पण तो हात कोणाचा गेला? इथलं पीठ दर्ग्यात उतरणाऱ्या मुसाफिरांच्या आणि फकिरांच्या भाकरीसाठी होतं. घरोघरची जाती तशीच राहिली. पाणचक्की होऊन दोनशे वर्षं उलटली, तरी आमच्या लहानपणी पहाटे घरात जातं फिरत होतं. आम्ही अंथरुणात पडून ओव्या ऐकायचो. फार गोड वाटायचं. वैरण घालणाऱ्या त्या हातांना पडलेले घट्टे आम्ही कधी पाहिले नाहीत. विजेची गिरणी कोपऱ्यावर आली, तेव्हा कुठे ते हात सुटले.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही ‘ज्ञानानं माणूस मुक्त होतो’ असं पुष्कळदा सांगितलं. आज त्यात एक पुरवणी जोडतो. यंत्र कसं चालतं हे कळलं, एवढ्यानं कष्ट सरत नाहीत. ते पाणी कोणाच्या दारापर्यंत पोचलं, हेही विचारावं लागतं.