आनंदवृक्षाची उलटतपासणी

चिनी लोक ज्या झाडाला 'हेहुआन' म्हणतात, त्याच्या नावातच एकत्र येण्याचा आनंद आहे. वनस्पतिशास्त्रात ते अल्बिझिया जुलिब्रिसिन. इराणपासून जपानपर्यंत आढळणारं, रेशमी गोंड्यांसारख्या गुलाबी फुलांचं, रात्री पानं मिटून घेणारं हे झाड म्हणजे आपल्या शिरीषाचं चुलत भावंड. मन शांत करणारं, चिंता घालवणारं अशी त्याची ख्याती प्राचीन चिनी औषधिग्रंथांत आहे. साल आणि फूल दोन्ही आजही चीनच्या अधिकृत औषधकोशात आहेत. हल्ली ही साल पाश्चात्त्य बाजारात 'आनंदाचं झाड' म्हणून बाटलीबंद मिळते आणि तिच्यासोबत संशोधनाचा हवाला येतो. हवाला खोटा नाही. तो ज्या गोष्टीसाठी दिला जातो, तिथपर्यंत मात्र पोचत नाही.

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2000 साली फुलांमधली क्वेर्सिट्रिन आणि आयसोक्वेर्सिट्रिन ही द्रव्यं वेगळी काढली, तेव्हा गुंगीचं औषध दिलेले उंदीर त्यांच्यामुळे अधिक वेळ झोपले. 2007 साली प्रसिद्ध झालेला सालीवरचा प्रयोग जास्त बोलका आहे. उंदराला शेपटीने टांगतात. तो आधी धडपडतो, मग नुसता लोंबकळतो. तो किती वेळ निश्चल राहिला, ते मोजायचं. (कोणाला ही कल्पना सुचली असेल, हा विचार मनात येतोच.) अर्क दिलेले उंदीर कमी वेळ निश्चल राहिले, आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा एक विशिष्ट रिसेप्टर आधी बंद केल्यावर अर्काचा परिणाम ओसरला. म्हणजे अर्क मेंदूत नेमकं कुठे काम करत असावा, याचा धागा हाती लागतो. पण ही कसोटी 1985 साली तयार झाली ती नैराश्यावरच्या औषधांची पहिली चाळणी म्हणून. निश्चल उंदीर उदास असतो की नुसती ताकद राखून ठेवतो, यावर अजून वाद आहे. या चाळणीतून निघालेली कितीतरी द्रव्यं पुढे माणसांत निष्प्रभ ठरली.

दोन हजार वर्षांचा अनुभव वाया कसा जाईल, असं कोणी म्हणेल. पण चिनी वैद्य ही साल बहुधा इतर औषधांच्या जोडीने देतात, त्यामुळे गुण कशाचा ते कळत नाही. शिवाय उदासी पुष्कळदा आपोआपही ओसरते. परंपरांचंही एकमत नाही. याच कुळातल्या शिरीषाला चरकसंहितेत विषघ्न औषधांत अग्रस्थान आहे. आनंदाशी त्याची सांगड तिथे घातलेली नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा: झाडाचं पेटंट मिळत नाही, मग चाचण्या करणार कोण? पेटंट तर सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय झुडपाचंही नव्हतं. तरी 2008 साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात त्याच्या अर्कावरच्या 29 चाचण्या आणि सुमारे साडेपाच हजार रुग्ण जमेला होते, आणि नैराश्यावर तो उपयोगी पडतो असा कौल मिळाला. एकट्या हेहुआनच्या सालीमागे असं पाठबळ नाही. सेंट जॉन्स वर्टची दुसरी बाजूही माणसांतच उघड झाली. प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी त्याच्यामुळे घटते आणि शरीर बसवलेला अवयव नाकारू शकतं. हेहुआनचा धागा सेरोटोनिनशी खरोखर जुळत असेल, तर सेरोटोनिनवरच काम करणाऱ्या नैराश्याच्या गोळ्या आधीच घेणाऱ्याने ती साल स्वतःच्या मनाने सुरू करणं अधिकच धोक्याचं ठरतं.