जोडी-कुस्ती अजिंक्यपद, मध्य अटलांटिक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर कॅरोलायना, दक्षिण कॅरोलायना व व्हर्जिनिया या राज्यांत उदयास आलेले व्यावसायिक कुस्तीतील एक अजिंक्यपद. ‘एनडब्ल्यूए वर्ल्ड टॅग टीम चँपियनशिप’ हे त्याचे मूळ नाव. ते १९७५ मध्ये सुरू झाले, १९९१ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २००१ मध्ये ते संपुष्टात आले. नावात ‘जागतिक’ हा शब्द असला, तरी हे पद शार्लट येथील ‘जिम क्रॉकेट प्रमोशन्स’ या एका कौटुंबिक संस्थेच्या मालकीचे होते. एका प्रदेशापुरत्या मर्यादित असलेल्या व्यवसायाचा उदय, विस्तार व विलय या पदाच्या इतिहासात क्रमाने पाहावयास मिळतो.

स्वरूप : जोडी-कुस्तीत दोन-दोन मल्लांचे दोन पक्ष असतात. प्रत्येक पक्षाचा एकच मल्ल आखाड्यात लढतो. त्याचा साथीदार कोपऱ्यात दोराबाहेर उभा असतो आणि हाताला हात लागल्यावाचून त्याला आत येता येत नाही. या प्रकारातील सारे नाट्य या एका नियमातून निर्माण होते. दुष्ट पक्ष पंचाची नजर चुकवून दोघे मिळून एकाला मारतो, त्याला आपल्या कोपऱ्यात अडकवून ठेवतो; अखेर तो कसाबसा साथीदारापर्यंत पोहोचतो, तेव्हा प्रेक्षागार दुमदुमून जाते. तालमीतील मातीवरच्या कुस्तीप्रमाणे येथे निकाल अनिश्चित नसतो. तो संयोजकाने आधीच ठरविलेला असतो. मात्र पडण्याचे, आपटण्याचे आघात खरे असतात. मल्लांचा मोबदला बहुधा तिकिटविक्रीवर अवलंबून असे. म्हणून अजिंक्यपद देणे म्हणजे कार्यक्रमातील वरचे स्थान व त्याबरोबर येणारी अधिक प्राप्ती देणे होय.

पार्श्वभूमी : १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे काही संयोजकांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ हा संघ स्थापन केला. सभासदांनी प्रदेश वाटून घ्यावेत व एकमेकांच्या हद्दीत शिरू नये, असा या संघाचा व्यवहार होता. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अमेरिकी न्यायखात्याने १९५६ मध्ये या संघाकडून संमतिपूर्वक हुकूमनामा मिळविला. तथापि प्रदेशांची वाटणी व्यवहारात पुढेही टिकून राहिली. वजनदार गटाचा जागतिक विजेता संघाने एकच मानला व तो प्रदेशोप्रदेशी फिरे. जोड्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक सभासदास मोकळीक होती. त्यामुळे सॅन फ्रॅन्सिस्को, डिट्रॉइट, टेक्सस, फ्लॉरिडा इ. ठिकाणी वेगवेगळ्या ‘जागतिक’ जोड्या नांदत होत्या. एकाच वेळी अनेक जगज्जेते असण्यात कोणास विसंगती वाटत नसे, कारण एका प्रदेशातील दूरचित्रवाणी कार्यक्रम दुसऱ्या प्रदेशात सहसा दिसत नसे.

क्रॉकेट यांचा प्रदेश प्रथमपासून जोडी-कुस्तीसाठी प्रसिद्ध होता. जॉर्ज बेकर–जॉनी वीव्हर आणि रिप हॉक–स्वीड हॅन्सन या जोड्यांनी तेथे दीर्घकाळ लोकप्रियता मिळविली. १९७३ मध्ये थोरले जिम क्रॉकेट निधन पावले व पुढे त्यांच्या पुत्राकडे संस्थेची सूत्रे आली. जॉर्ज स्कॉट या माजी मल्लाकडे सामने ठरविण्याचे काम सोपविण्यात आले. रॉली येथील दूरचित्रवाणी केंद्रात कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण होई आणि ग्रीनव्हिल, कोलंबिया, नॉरफॉक, रिचमंड अशा गावी नियमित सामने होत.

इतिहास : १९७५ च्या प्रारंभी जीन व ओल अँडरसन ही जोडी पहिली विजेती म्हणून मान्य झाली. ते भाऊ म्हणून ओळखले जात. वास्तविक त्यांचे काहीही नाते नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या एकाच अवयवावर, बहुधा हातावर, सतत हल्ला करण्याची त्यांची पद्धत या प्रदेशात आदर्श ठरली. डिसेंबर १९७६ मध्ये ग्रीन्सबरो येथे रिक फ्लेअर व ग्रेग व्हॅलेंटाइन यांनी त्यांच्याकडून पद जिंकले. फ्लेअर यांच्या पाठीचा कणा ऑक्टोबर १९७५ च्या विमान अपघातात मोडला होता. त्यातून सावरून ते या विजयापर्यंत पोहोचले.

१९८२ मध्ये सार्जंट स्लॉटर व डॉन कर्नोडल यांना विजेते घोषित करताना, त्यांनी जपानमधील स्पर्धा जिंकल्याचे सांगण्यात आले. अशी स्पर्धा झालीच नव्हती. परंतु या काल्पनिक प्रारंभातून उभा राहिलेला संघर्ष अत्यंत यशस्वी ठरला. १२ मार्च १९८३ रोजी ग्रीन्सबरो येथे पोलादी पिंजऱ्यातील सामन्यात रिकी स्टीमबोट व जे यंगब्लड यांनी हे पद मिळविले. पराभव झाल्यास या दोघांनी पुन्हा कधीही एकत्र लढावयाचे नाही, अशी अट होती. त्या रात्री सभागृह भरून हजारो लोकांना परत जावे लागले. या यशामुळे त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, आभारप्रदर्शनाच्या सणादिवशी, ‘स्टारकेड’ हा मोठा कार्यक्रम तेथेच योजण्यात आला व बंदिस्त दूरचित्रवाणीद्वारे तो अन्य शहरांतही दाखविला गेला. त्यात स्टीमबोट व यंगब्लड यांनी जॅक व जेरी ब्रिस्को या बंधूंना हरवून पद परत मिळविले. यंगब्लड १९८५ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी मरण पावले.

विस्तार व विलय : १९८४ च्या सुमारास ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ने केबल दूरचित्रवाणीच्या साहाय्याने देशभर प्रसार सुरू केला आणि प्रदेशांच्या सीमा निरर्थक ठरल्या. क्रॉकेट यांनीही अटलांटा येथील राष्ट्रीय वाहिनीवर वेळ मिळवून तोच मार्ग धरला. रिकी मॉर्टन–रॉबर्ट गिब्सन आणि बॉबी ईटन–डेनिस कॉन्ड्री या जोड्यांची चुरस या काळात देशभर गाजली. १९८७ मध्ये रिक रूड हे पद धारण करीत असतानाच संस्था सोडून गेले. तेव्हा पूर्वी झालेल्या एका साध्या सामन्याचे चित्रण दाखवून त्यातच मॉर्टन व गिब्सन यांनी पद जिंकले, असे जाहीर करण्यात आले. वाढता खर्च न पेलल्यामुळे नोव्हेंबर १९८८ मध्ये क्रॉकेट यांनी आपला व्यवसाय टेड टर्नर यांच्या दूरचित्रवाणी कंपनीस विकला.

जानेवारी १९९१ पासून हे पद ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ या नावाने ओळखले जाऊ लागले. रॉन सिमन्स व बुच रीड तेव्हा विजेते होते. २४ फेब्रुवारी १९९१ रोजी मायकेल हेज व जिमी गार्विन यांनी त्यांना हरविले. परंतु पुढे प्रक्षेपित व्हावयाचा, हेज व गार्विन यांच्या पराभवाचा सामना १८ फेब्रुवारीसच मुद्रित झालेला होता. म्हणजे पद मिळण्यापूर्वी सहा दिवस त्यांनी ते गमावले होते. गावोगावच्या सभागृहांपेक्षा प्रक्षेपणाचे वेळापत्रक आता निर्णायक झाले होते, हे यावरून दिसून येते. मूळ संघाने स्वतः मान्य केलेले एकमेव जागतिक जोडी-अजिंक्यपद १९९२ मध्ये सुरू केले. तोवर प्रादेशिक व्यवस्था जवळजवळ नाहीशी झाली होती.

मार्च २००१ मध्ये ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ प्रतिस्पर्धी संस्थेने विकत घेतली. १८ नोव्हेंबर २००१ रोजी दोन्ही संस्थांच्या जोडी-अजिंक्यपदांचे एकीकरण करण्यासाठी पोलादी पिंजऱ्यात सामना झाला. हार्डी हे सख्खे भाऊ, शिवाय उत्तर कॅरोलायनाचे रहिवासी. डडली हे अँडरसन यांच्याप्रमाणेच केवळ नावाचे भाऊ. डडली विजयी झाले आणि क्रॉकेट यांच्या प्रदेशात निर्माण झालेले पद रद्द झाले. खरेदीदार संस्थेचे पद तेवढे पुढे चालू राहिले. हा सामनाही ग्रीन्सबरो येथील त्याच सभागृहात झाला, जेथे १९८३ मध्ये या पदासाठी हजारो लोक दाराबाहेर उभे होते.