क्लब कुणाचा?



भिशी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण भिशीच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या एका समूहाचा फुटबॉल क्लब आहे, हे ठाऊक आहे का? आज त्याच्याविषयी बोलू.

दक्षिणेत श्री गोकुलम ही चिट फंड कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली. चिट फंड म्हणजे कायद्यात बसवलेली, नोंदणी केलेली मोठी भिशी. पुढे या समूहाने हॉटेलं, रुग्णालय, सिनेमा अशा धंद्यांतही पाय टाकला आणि २०१७ मध्ये केरळात 'गोकुलम केरळ' हा फुटबॉल क्लब काढला. क्लबचं घर कोळिकोड. मैदान मात्र तिथल्या महानगरपालिकेचं.

म्हणजे मालकी अशी वाटलेली आहे. मैदान पालिकेचं, टाळ्या गावाच्या, पण क्लब खाजगी समूहाचा. प्रशिक्षक कोण, कुणाला किती पगार, संघ ठेवायचा की बंद करायचा, हे मालक ठरवतो. तोटा झाला तर तोही त्यानेच सोसायचा. तिकिटं, जाहिराती आणि खेळाडू दुसऱ्या क्लबला देताना मिळणारी रक्कम यांतून पैसा येतो, पण आपल्या देशात बहुतेक क्लबांचा खर्च तेवढ्यात भागत नाही. उरलेला भार मालकाच्या खिशावर.

आपल्या बचत गटात काय होतं? शंभर रुपये भरणारी आणि पाचशे भरणारी, दोघींचं मत एकच. कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. प्रेक्षकाकडे तर शेअरच नसतो. स्पेनमधला बार्सिलोना क्लब मात्र सभासदांचा आहे. लाखाहून जास्त सभासद वर्गणी भरतात आणि अध्यक्ष निवडतात. आपल्या गटाच्या जवळचा हा प्रकार.

मग कंपनीचा क्लब वाईट का? तसं नाही. गोकुलमने मुलींच्या संघावरही पैसा लावला. पुरुष संघाने आय-लीग २०२१ आणि २०२२ मध्ये जिंकली. मुली त्याआधीच, २०२० मध्ये, महिला लीग जिंकून बसल्या होत्या. २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा त्याच विजेत्या. पंजाबची मनीषा कल्याण याच संघातून २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबला गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.

पण मालकाच्या हातात सगळंच नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हा महिला संघ स्पर्धेसाठी उझबेकिस्तानला गेला, आणि त्याच सुमारास जागतिक संघटनेने भारताच्या फुटबॉल महासंघावर बंदी घातली. कारण महासंघाच्या कारभाराचं, शिक्षा मात्र मुलींना. न खेळताच त्यांना परत यावं लागलं.

आणि मालकाने हात काढला तर? आपल्या पुण्यातच पाहा. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला. बालेवाडीत लोक नारंगी कपडे घालून जायचे. २०१९ मध्ये क्लब बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली. प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही. विचारण्याचं बंधनच नव्हतं.

आता आपल्याही मुली मैदानात उतरताहेत. उद्या एखादा क्लब तुमच्या लेकीला बोलावेल. आनंदाने पाठवा, पण आधी चार गोष्टी विचारा. करार लेखी आहे का, आणि किती महिन्यांचा? दुखापत झाली तर खर्च कोण करणार? पगार कोणत्या तारखेला, आणि बँकेत जमा होणार का? संघ मध्येच बंद झाला तर राहिलेल्या पैशांचं काय?

कर्जाच्या कागदावर सही करताना आपण सगळं वाचून घेतो ना? मग लेकीच्या करारावरही तसंच, वाचून, विचारून सही करा. शिक्क्यावरचं नाव गावाचं असलं, तरी सही कुणाची आहे ते बघा.