ओस खाचर आणि भरलेली चाळ

लोकसंख्येचा विषय निघाला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मुंबईची गर्दी उभी राहते. आणि माणसें वाढलीं म्हणजे संकट, घटलीं म्हणजे सुटका, असा सोपा सिद्धांत आपण मनाशीं बांधून ठेवतों. तो कितपत खरा आहे हें पाहावयाचें असेल तर रत्नागिरी जिल्ह्याकडे वळावें. २००१ सालच्या खानेसुमारींत या जिल्ह्याची वस्ती १६,९६,७७७ होती. २०११ सालीं ती १६,१५,०६९ भरली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची वस्ती शेंकडा सुमारें १६ नें वाढली असतां येथें मात्र ८१ हजारांहून अधिक माणसें कमी झालीं. शेजारच्या सिंधुदुर्गांतही घटच दिसली. दुष्काळ नाहीं, महामारी नाहीं. मग हें झालें कसें?

घरोघर मुलें कमी जन्मूं लागलीं, हें एक कारण. दुसरें व जुनें कारण म्हणजे मुंबईची वाट. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी काढली व पुढें गिरण्यांची रांगच उभी राहिली. कोंकणांतला तरुण गडी तिकडे गेला. बायकामुलें व म्हातारे मागें राहिले आणि घर मनिऑर्डरीवर चालूं लागलें. २०११ सालींही रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. या एका आंकड्यांत किती घरांची कथा सांठविलेली आहे, याचा वाचकांनींच विचार करावा.

आतां कोणी म्हणेल, माणसें गेलीं तर बरेंच झालें. जमिनीस विसांवा मिळाला, रान वाढलें. डोंगरमाथ्यावरील वरकस जमिनीपुरतें हें कांहीं अंशीं खरें आहे. नाचणी-वरीची लागवड थांबल्यावर तेथें ऐन, किंजळ यांचीं रोपें पुन्हां उठतात. परंतु उतारावरील भातखाचराची गोष्ट निराळी. तें निसर्गानें केलेलें नसून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनीं दगड रचून, माती भरून केलेलें आहे. दर पावसाळ्यापूर्वीं कोणीतरी बांधावरून फिरून ढासळलेला दगड बसवावा, खेंकड्यांचीं बिळें बुजवावीं, तेव्हां तें टिकतें. दोन पावसाळे हें काम चुकलें कीं बांधास भगदाड पडतें; वरच्या खाचराचें पाणी खालच्यांत एकदम कोसळतें, तोही बांध जातो, आणि शंभर वर्षांची माती ओढ्यावाटे खाडींत जाऊन बसते. म्हणजे, जमीन सोडून देणें आणि जमिनीस विश्रांति देणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय नुकसान सोडून गेलेल्या घरापुरतें राहत नाहीं. पडीक खाचरांत झुडपें माजतात, त्यांत रानडुकरें आश्रय घेतात, आणि रात्रीं शेजाऱ्याचें उभें भात तुडवितात. न कापलेलें गवत चैत्रांत वाळून पेटलें म्हणजे वणवा कोणाची काजूची बाग हें विचारीत नाहीं. तेव्हां राखण करून दमलेला शेजारीही एके वर्षीं नांगर ठेवून देतो. शाळेचेंही तसेंच. मुलें कमी म्हणून शाळा बंद होते, आणि शाळा नाहीं म्हणून उरलेलीं कुटुंबें मुलांस घेऊन शहराकडे निघतात. आंब्याच्या बागांत राखणीस आज नेपाळांतून आलेले मजूर दिसतात. त्यांच्याही मागें तिकडे एखादें खाचर पडीक असेल.

दुसऱ्या टोकाची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. २०११ सालीं बृहन्मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ होती. तिला दररोज तीनशें कोटी लिटरांहून अधिक पाणी लागतें, व त्याचा मोठा भाग तानसा, भातसा, वैतरणा या दूरच्या जलाशयांतून येतो. तानसा व भातसा हे ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते! मौज अशी कीं मूळ मुंबई शहराचीही वस्ती २००१ ते २०११ या काळांत अडीच लाखांनीं घटली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या, आणि चाळींतलीं अनेक कुटुंबें विरार-बदलापुराकडे सरकलीं. ज्या कामासाठीं आजोबांनीं गांव सोडलें तें काम गेलें. नातू मात्र गांवीं परतला नाहीं, कारण तोंपर्यंत बांध फुटलेला होता.

विद्यार्थिमित्रहो, २०२१ सालीं व्हावयाची खानेसुमारी त्या सालीं झाली नाहीं. तुमच्यापैकीं जे गणपतीस वा शिमग्यास गांवीं जातील त्यांनीं स्वतःच एक लहानशी गणती करून पाहावी. वाडींत घरें किती, त्यांपैकीं वर्षभर चूल पेटणारीं किती, आणि आजीच्या आठवणींतलीं लावणीचीं खाचरें किती व यंदाचीं किती, एवढेंच वहींत टिपून घ्यावें. फुटलेला बांध दिसल्यास तो पुन्हां रचण्यास किती माणसें व किती दिवस लागतील, हें तेथील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास विचारावें. आणि तसा दगड बसविणारा गांवांत अजून कोणी आहे काय, हेंही.