‘ही खेप मारू, मग बघू’ म्हणण्याआधी...

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पिकअप आहे? भाजीची, दुधाची, मंडपवाल्याची, पाण्याच्या जारची... कॉलेज सुटलं की बाबा किंवा काका किल्ली पुढे करतात, ‘जा, एक खेप मारून ये.’ कायद्याचीही आडकाठी नाही. साध्या एलएमव्ही परवान्यावर साडेसात टनांच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण कार थांबवणं वेगळं आणि माल भरलेली पिकअप थांबवणं वेगळं. हा फरक पेलतो तो पुढच्या चाकाआडचा जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा, म्हणजे ब्रेक पॅड.

बारावीचं फिजिक्स आठवा. मालासकट तीन टनांची गाडी ताशी ६० किमी वेगाने चाललीय. ती थांबवायची तर सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती पॅड आणि डिस्कच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळेल. आता हीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरवा. पाचशे मीटर खाली यायचं म्हणजे जवळपास दीड कोटी ज्यूल, तीन हंडे पाणी उकळण्याइतके! ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकायची की काही भार इंजिनाने उचलायचा, हे तुम्ही कुठला गियर टाकता त्यावर ठरतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, घाट ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पॅड अति तापले की पकड सोडतात, ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट फरशीला टेकतं.

गाडी आधी सांगते

बरं, ब्रेक सहसा अचानक जात नाहीत, आधी कुरबुर करतात. बऱ्याच पॅडना एक बारीक पत्ती असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ‘चूंऽऽ’ असा आवाज करते. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा आवाज दोन-चार ब्रेकमध्ये जातो, तो डिस्कवरच्या गंजाचा. पण रोज येणारा ‘चूं’ म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना. त्याचा ‘घर्रर्र’ झाला की लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा पॅडबरोबर डिस्कचाही खर्च बोकांडी बसतो. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते? कॅलिपर जाम असू शकतो किंवा पॅडला तेल लागलेलं असू शकतं. पेडल स्पंजासारखं मऊ लागतंय? ऑइलमध्ये हवा शिरली असेल. डबीतली ऑइलची पातळी खाली गेलीय? पॅड झिजलेत किंवा कुठे गळतंय, नुसतं ऑइल ओतून गप्प बसू नका.

दर महिन्याला चाकाच्या फटीतून टॉर्च मारा. घासणारा थर तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदला. आतल्या बाजूचा पॅडही बघा, कधी कधी तोच आधी संपतो.

आणखी एक गोष्ट. जास्त माल बसावा म्हणून मागचे पाटे वाढवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने किती दबली यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा, हे तो ठरवतो. पाटे वाढवले की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि सगळा ताण पुढच्या पॅडवर येतो.

पॅड बदलताना

पहिल्यांदा करत असाल तर जाणकार मेकॅनिकच्या शेजारी बसूनच शिका. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना ओंडके लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, खाली घोडी लावायचीच. कॅलिपर सोडवला की तो रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. पिस्टन हळू मागे दाबा, तेव्हा डबीतलं ऑइल वर चढतं, त्यावर लक्ष ठेवा. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावा, पण पॅड-डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. धूळ फुंकून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर डिस्कही बदलावी लागेल.

काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिल्या वळणावर ब्रेक लागणारच नाही! नवे पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तेवढ्यात ओव्हरलोड नको आणि करकचून ब्रेकही नको.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, तेच ओल धरल्यावर १४० अंशांपर्यंत उतरतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदला. झाकणावर जो प्रकार लिहिलाय, तोच वापरा.

सीझनच्या धांदलीत गाडी दिवसभर उभी ठेवणं घरी कुणालाच परवडत नाही, हे खरंय. हप्ता असतो, माल नासतो, व्यापारी फोन करत असतो. म्हणूनच ‘ही खेप मारू, मग बघू’ असं म्हटलं जातं. तिथे तुम्ही मध्ये पडा. पॅड कधी बदलले, तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, हे दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. आणि ‘चूं’ ऐकू आलं, तर बाबांना त्याच संध्याकाळी सांगा. रिकाम्या दिवशी तासा-दोन तासांत होणारं काम भरल्या गाडीने घाटात अडकून करायची वेळ येऊ देऊ नका.