पट तोच, रंग ज्याचा त्याचा

मे महिन्याची सुट्टी होती. दहा वर्षांचा भाचा आजोळी म्हणजे आमच्याकडे उंब्रजला आला होता. हौसेपोटी मी संगणकावर बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता, त्यावर तो खेळत बसे. नवशिक्यांसाठी त्यात एक सोय होती. मोहरा धोक्यात असला की त्याचं घर लाल व्हायचं आणि बिनधोक जाता येईल ती घरं हिरवी दिसायची. तरी हा पठ्ठ्या वजीर लाल घरात ठेवून निवांत दुसरंच प्यादं पुढे सरकवायचा. लागोपाठ तीन डावांत वजीर गेला, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अरे, डोळे कुठं आहेत तुझे? एवढं लालभडक दिसतंय!"

पोरगं पडद्याकडे बघत राहिलं. मग हळूच म्हणालं, "मामा, ह्यातलं लाल घर कुठलं?"

कराडच्या नेत्रतज्ज्ञांनी त्याला रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला दिले. काही आकडे त्याला वाचता आले, काही दिसलेच नाहीत. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नव्हता. हा दोष बहुधा जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो. अशा डोळ्यांना लाल, हिरवा आणि तपकिरी हे रंग जवळजवळ सारखेच मातकट दिसतात. माझा पट तपकिरी होता आणि त्यावर मी लाल-हिरव्या खुणा करत होतो! वेंधळा कोण होतं, हे सांगायला नको.

त्याआधी दोन-तीन मित्रांनी मला सुचवलं होतं, की प्रोग्रॅममध्ये 'थीम' टाक, म्हणजे पटाचे रंग आणि मोहऱ्यांची रूपं ज्याला हवी तशी निवडता येतील. मी ते हसण्यावारी नेलं होतं. खेळ चांगला झाला की पुरे, ही नटवानटवी कशाला, असं मला वाटायचं. भाच्याच्या त्या प्रश्नानंतर मी कामाला लागलो.

बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचे खरं तर दोन भाग असतात. एक विचार करणारा, त्याला 'इंजिन' म्हणतात, आणि दुसरा पट दाखवणारा. २००० साली श्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी 'यूसीआय' नावाचा एक संकेत ठरवला. त्यामुळे हे दोन भाग साध्या अक्षरांतून एकमेकांशी बोलू लागले. कुठला मोहरा कुठल्या घरातून कुठे गेला एवढंच पट कळवतो आणि इंजिन आपली खेळी तशीच अक्षरांत सांगतं. २००८ साली निघालेलं 'स्टॉकफिश' हे नामांकित इंजिनही याच भाषेत बोलतं. पट लाकडी आहे की संगमरवरी, याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणून रूप बदललं तरी खेळाच्या ताकदीला धक्का लागत नाही.

माझी अडचण वेगळीच निघाली. 'इथे तपकिरी रंग भर', 'इथे लाल कर' अशा सूचना मी प्रोग्रॅमभर विखरून ठेवल्या होत्या. एक बदलली की दुसरी राहायची. मग सगळे रंग उचलून एका यादीत आणले आणि त्यांना कामावरून नावं दिली : पांढरं घर, काळं घर, उचललेला मोहरा, शेवटची खेळी, धोका. आता प्रोग्रॅम 'लाल कर' म्हणत नाही, 'धोक्याचा रंग दे' म्हणतो. तो रंग कुठला, हे यादी ठरवते. थीम म्हणजे एवढीच यादी आणि सोबत बारा चित्रं. सहा प्रकारचे मोहरे, दोन बाजूंचे. घर काळं की पांढरं हे मात्र यादीवर सोडायचं नाही. ओळ आणि स्तंभ यांच्या क्रमांकांची बेरीज सम आली तर काळं, विषम आली तर पांढरं. खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर येतं ते याच हिशेबाने.

खरा वेळ खाल्ला मोहऱ्यांनी. पांढरा मोहरा काळ्या घरात उठून दिसतो, पण त्याला पांढऱ्या घरातही उभं राहायचं असतं. काळ्या मोहऱ्याचंही तसंच. म्हणून प्रत्येक चित्राला उलट रंगाची बारीक कड लागते. आधी मी ठिपक्यांनी बनलेली चित्रं वापरली होती. पट मोठा केला की त्यांच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या. मग रेषांच्या मापांवर आधारलेली चित्रं घेतली. ती कितीही ताणली तरी स्वच्छ राहतात.

भाच्याला हत्ती हत्तीसारखा हवा होता. आपण ज्याला हत्ती म्हणतो, तो पडद्यावर बुरूज असतो आणि उंटाच्या जागी बिशपची टोपी. हे रूप १८४९ साली इंग्लंडमध्ये नथॅनिएल कुक यांनी नोंदवलं, जॅक्स यांनी विकायला काढलं आणि हॉवर्ड स्टाँटन या खेळाडूच्या नावानं ते जगभर पसरलं. जागतिक संघटनाही स्पर्धांसाठी त्याचीच शिफारस करते. मी सोंडवाला हत्ती काढून दिला, पण स्टाँटनचा संचही ठेवला. सांगलीला स्पर्धा खेळायची तर बुरुजाची सवय हवीच. भाऊसाहेब पडसलगीकरांनी जोपासलेलं, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडूंचं ते गाव. तिथल्या टेबलावर सोंड कुठून मिळणार? गंमत अशी, की जुन्या भारतीय संचांत लाल विरुद्ध हिरवे मोहरे सर्रास दिसतात. माझ्या भाच्याची तिथे पंचाईतच झाली असती.

रंग पारखायची एक सोपी युक्ती सांगतो. पडद्याचं चित्र कृष्णधवल करून बघा. माझं लाल आणि हिरवं त्यात एकाच राखाडी रंगाचं निघालं. म्हणजे सगळी भिस्त रंगावर होती, उजेड-अंधाराच्या फरकावर नव्हतीच. मग धोक्याच्या घराला जाड चौकट दिली आणि बिनधोक घरात मधोमध ठिपका. आता रंग पार काढून टाकला तरी अर्थ उरतो.

दृष्टिहीन खेळाडूंच्या पटावर हेच पूर्वीपासून आहे. काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असतं आणि काळ्या मोहऱ्याच्या डोक्यावर टाचणीसारखी खूण असते. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः दृष्टिहीन. त्यांनी 'टॉक ६४' हा बोलणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम तयार केला. त्यात पडद्याची जागा आवाज घेतो. त्याबद्दल कळल्यावर मीही माझ्या प्रोग्रॅमला खेळी बोलून दाखवायला शिकवलं.

एक चूक मात्र झालीच. थीमच्या घडीत एखादं चित्र नसलं तर तो मोहरा पटावर दिसेनासाच व्हायचा. एकदा भाच्याचा राजाच गायब झाला आणि घरभर हशा पिकला. आता चित्र सापडलं नाही तर प्रोग्रॅम मूळ संचातलं चित्र घेतो.

पुढच्या सुट्टीत त्याने स्वतःची थीम केली. निळी घरं, पिवळी घरं आणि धोक्याला काळीकुट्ट चौकट. मला तो पट दोन मिनिटंही बघवत नाही. पहिल्याच डावात त्याने माझा वजीर मारला आणि विचारलं, "मामा, चौकट दिसली नाही का?"